कारखान्याची जमीन उचलली तेव्हा

आमच्या कारखान्यात आत जाताना कुणी पाय धुवत नसे, बाहेर पडताना धुवावे लागत. देवळाच्या अगदी उलट. दाराशी तांब्याचं मोठं घंगाळ ठेवलेलं असे. कारागीर असो, गिऱ्हाईक असो, खुद्द माझे आजोबा आबा असोत, त्यात पाय बुडवायचे, बोटांच्या बेचक्या चोळायच्या आणि मगच उंबरा ओलांडायचा. ते पाणी फेकायचं नाही. मागच्या रांजणात ओतायचं. रांजणाच्या तळाशी बसलेला गाळ धोंडीबा झारेकरी घेऊन जाई आणि धुऊन त्यातलं सोनं काढून आणी.

एकदा कलेक्टर कचेरीतले एक कारकून बूट घालूनच आत आले होते. जाताना आमच्या भिवाने त्यांना पाटावर बसवलं, बूट काढून घेतले, तळवे कुंचल्याने झाडले आणि परत पायात घातले.

"अरे, घरी माझी बायकोसुद्धा एवढी सेवा करत नाही," कारकून म्हणाले.

"बाईसाहेबांच्या घरात सोनं सांडत नाही, रावसाहेब," भिवा म्हणाला.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा आमच्या विमलाबाईंनीसुद्धा पदर तोंडाला लावला. मला गोष्टी सांगता येतात, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी वर्गात मान वर करत नव्हते. आता मात्र आमच्या आळीत माझ्याएवढी वाढलेली, लग्न न झालेली आणि शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच आहे, आणि लोक जे बोलायचं ते बोलतात. बोलू देत. त्यांच्यातल्या कितीजणांना वर्तमानपत्र न अडखळता वाचता येतं, ते मला ठाऊक आहे.

ठाण्यापर्यंत आगगाडी आली, त्याच सुमारास माझे पणजोबा राजापूरकडून इथे आले. ऐरण डोक्यावर घेऊन आले, असं आबा सांगतात. आई हळूच म्हणते, गलबतातून आणली असेल, डोक्यावर कोण आणतो. तलावाच्या मागच्या आळीत त्यांनी जागा घेतली आणि एकच काम धरलं, बोरमाळेचे मणी. सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख, वरून बोरासारखा गोल. बघायला भरगच्च, गळ्यात हलका. कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या आगरी बायका लग्नात पोतदारांचेच मणी मागत. पणजोबांमागे आबा आले, आबांच्या हाताखाली दादा, म्हणजे माझे वडील, आणि हाताखालचे दहा-बारा कारागीर. इतकं होईपर्यंत लोक दुकान न म्हणता कारखाना म्हणू लागले.

कारखान्याच्या खिडक्या मात्र पणजोबांनी बसवल्या तशा बंदच राहिल्या. वाऱ्याने कीस उडते, म्हणजे कानशीने घासताना पडणारी सोन्याची भुकटी. ती वाऱ्यावर जायची नाही, पायाला लागून जायची नाही, कपड्यात जायची नाही. कारागिरांची जुनी धोतरं दिवाळीला जाळत आणि राख धोंडीबाला देत. एवढं करूनही जी कीस हाती लागत नसे ती जमिनीत जाई. जमीन शेणामातीची. दर आठवड्याला सारवण, आणि प्रत्येक सारवणाखाली त्या आठवड्याची कीस. पिढीतून एकदा, बाप मुलाच्या हाती कारखाना देई तेव्हा, ही सगळी जमीन उचलायची, धुवायची आणि जे सोनं निघेल ते मुलाने भांडवल म्हणून घ्यायचं, अशी आमची रीत. आबांना त्यांच्या वडिलांनी तसंच दिलं होतं. येत्या दसऱ्याला दादांची पाळी होती. त्यांना मुंबईहून पत्रा ओढायचं यंत्र आणायचं होतं. यंत्राविषयी बोलताना ते हाताने चाक फिरवून दाखवत, अगदी जेवतानासुद्धा, आणि आई म्हणे, आधी वरण तरी ओढा.

मला आत यायची बंदी होती. बायकांच्या लुगड्याच्या घोळातून कीस जाते म्हणून. पण दुपारी मी उंबऱ्यावर बसून सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि हात चालवत सगळे ऐकत. दादा तेव्हा बहुधा फुंकणीवर असत. दिव्याच्या ज्योतीत फुंकून डाक द्यायचा, म्हणजे मण्याचे दोन अर्धगोल जोडायचे, आणि फुंक मध्ये तुटली की मणी गेला. दादांची फुंक तुटत नसे. गाल भरून ठेवायचे आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा, ही खुबी त्यांनी मला बोरूच्या नळीने स्वयंपाकघरातल्या समईवर शिकवली होती. मला ती जमली तेव्हा ते म्हणाले होते, "शकू, तू मुलगा असतीस तर भिवाची नोकरी गेली असती." भिवाने तिथल्या तिथे मला नमस्कार घातला.

त्या हिवाळ्यात वर्तमानपत्रात मुंबईच्या गाठीच्या तापाशिवाय दुसरं काही नव्हतं. मांडवीत किती गेले, किती पळाले, कल्याणच्या स्टेशनात गाडी उभी करून डॉक्टर बायापुरुषांच्या काखा कशा तपासतात. मी चढ्या आवाजात वाची. मला वाटे, मुंबईची बातमी आहे.

शिमग्याच्या आधी एके दुपारी मी उंबऱ्यावर जाऊन बसले तर भिवा मोठ्या चिमट्यात काहीतरी धरून भट्टीकडे चालला होता. उंदीर होता. भिवाने तो निखाऱ्यात टाकला, वर कोळसे ओढले आणि मला म्हणाला, "काल मांजराने मारला."

"आपल्याकडे मांजर कुठे आहे?"

"म्हणूनच सांगतो, कुणाला बोलू नकोस. मांजर लाजाळू आहे."

दुसऱ्या दिवशी आणखी निघाले. पेटीखाली, लाखेच्या हंडीमागे. त्याच आठवड्यात विमलाबाईंनी शाळेत सरकारी जाहीरनामा वाचला. ज्या घरात उंदीर पडतील तिथल्या माणसांनी घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहावं. मग आरोग्यखात्याची माणसं येतील, भिंतींना चुना देतील, जमीन हातभर खणून माती घेऊन जातील आणि जाळतील. मी धावत कारखान्याच्या उंबऱ्यावर आले आणि सगळ्यांसमोर शब्द न शब्द सांगितला. माझ्या पाठांतराचं कौतुक होईल असं मला वाटलं होतं.

आबा ऐरणीसमोर बसले होते. त्यांनी फक्त एकच गोष्ट पुन्हा विचारली.

"माती घेऊन जातात?"

"हातभर, आबा. आणि जाळतात."

त्यांनी जमिनीवर तळवा टेकवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ उचलला नाही. मग भिवाला म्हणाले, "उंदीर निघतील ते भट्टीत घालत जा. बाहेर चकार शब्द नको. आणि रात्री राखणीला तूच नीज इथे."

"आबा, हे बरं नाही," दादा म्हणाले. "माणसं मरतायत. कुलूप लावू, कळव्याला जाऊ. जमीन गेली तर गेली."

"गेली तर गेली?" आबांचा आवाज चढला नाही. "रघू, तुझ्या आईचं दहन करून आलो त्या दिवशीसुद्धा मी घंगाळात पाय धुतले होते. ती जमीन तुझी आहे. मी नुसता राखणदार."

"मग माझी आहे तर मी सोडतो."

"अजून दिली नाही मी."

कारागीर माना खाली घालून कानशी घासत राहिले. संध्याकाळी त्यांतले अर्धे हिशेब न मागता गावी निघून गेले. जाताना प्रत्येकाने पाय मात्र धुतले.

शेवटी तोडगा दादांनीच काढला, आणि तो ऐकून मलाही तो शहाणपणाचा वाटला. आरोग्यवाल्यांच्या आधी आपणच जमीन उचलायची. माती पोत्यांत भरून कळव्याला न्यायची, तिथे धोंडीबाला बोलावून धुवायची. मागे उरेल तो खड्डा सरकारने खुशाल खणावा. आबांनी मान डोलावली. मुलाला जमीन द्यायची ती दसऱ्याऐवजी शिमग्याला, एवढाच काय तो फरक. त्यांनी जोशीबुवांकडून मुहूर्तसुद्धा काढून आणला.

जमीन उचलायला कुदळ चालत नाही, कीस खाली दबते. अनवाणी बसायचं, खुरप्याने पापुद्रा सोडवायचा आणि हाताने पोत्यात भरायचा. बाकीचे कारागीरही एव्हाना गेले होते; आबा, दादा आणि भिवा, एवढेच उरले होते. मी उंबऱ्यावर पोती उघडी धरून बसले. कौलाच्या फटीतून कवडसे येत होते आणि त्यांत मातीचा धुरळा चमचमत होता. मला ते फार सुंदर वाटलं, हे मी लिहायला नको, पण वाटलं.

भट्टीजवळच्या कोपऱ्यात पापुद्रा निघाला आणि खाली बिळं लागली. घाण सुटली. बिळांत चिंध्या, कागद, वाखाचे तुकडे, आणि त्यांत मेलेले उंदीर, काही सुकलेले, काही नुसते निजल्यासारखे. दादा मागे सरले.

"हा कोपरा राहू दे, आबा. जाळून टाकू."

आबांनी एक चिंधी उचलून कवडशात धरली. तिच्या धाग्याधाग्यात पिवळी कीस अडकली होती.

"आपल्याच धोतरांची आहे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत यांनी किती ओढून नेलं असेल. रघू, सगळ्या जमिनीपेक्षा इथेच जास्त निघेल."

मग आबांनी स्वतः हात घातला. उंदीर शेपटीने धरून बाजूला काढले, झटकले, आणि चिंध्यांची घरटी ओंजळीने पोत्यात भरली. दादा थोडा वेळ बघत उभे राहिले. म्हाताऱ्या बापाला एकट्याला करू कसं द्यायचं, म्हणून तेही वाकले. भिवा म्हणाला, "शेट, पिसवा फार झाल्यात इथे," आणि पोटऱ्या खाजवत राहिला. "सोनेरी पिसू सापडली तर मला सांग," दादा म्हणाले, आणि तिघे हसले. दादांचं मी ऐकलेलं ते शेवटचं मोकळं हसणं.

पोती खाडीपार जाणाऱ्या तरीवर चढवताना कळव्याचा गणू तांडेल प्रत्येकाचं वजन हाताने जोखत होता.

"शेट, यान हाय काय?"

"माती," दादांनी खरं ते सांगितलं. "चूल घालायला."

"कलव्यान माती न्हाय का? शिमग्याला आमची पोरां अंगाला चोपरतान, ती कं साखर हाय?"

तरीवरची सगळी माणसं हसली. खाडीवरचा तपासनीसही हसला आणि त्याने पोती उघडून बघितली नाहीत. मला तेव्हा वाटलं, आपलं नशीब चांगलं.

कळव्याच्या माळावर ठाण्याच्या लोकांच्या झोपड्या उभ्या होत्या. हवा मोकळी, खाडीचा वारा. जे नुसते कपडे आणि भांडी घेऊन आले होते ते तिथे सुखात राहिले, पोरं हुतुतू खेळत. आमची झोपडी वेगळी होती. आबांनी पोती चोरीला जाऊ नयेत म्हणून आतच, तिन्ही बाजूंनी भिंतीसारखी रचली होती आणि स्वतःचं अंथरूण त्यांच्यावर घातलं होतं. आम्ही सगळे त्या पोत्यांना पाठ टेकून निजत होतो. आई म्हणे, ठाणं सोडून आलो, पण जमीन अंगाखालचीच.

पहिल्यांदा भिवा पडला. सकाळी उठला तो लंगडत. जांघेत गाठ. संध्याकाळी त्याला कुणी ओळखू येईना. मला म्हणाला, "कारकून आले काय? बूट काढा त्यांचे." आणि कुंचला फिरवावा तसा हात हवेत फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला माळाच्या टोकाला जाळायला नेलं. त्याच्या गावी कळवायला माणूस मिळाला नाही.

त्याच संध्याकाळी मी आबांसमोर उभी राहिले. शाळेत तपासणीसाहेबांसमोर उभी राहते तशी, ताठ.

"आबा, बाकीच्या झोपड्यांत कुणी आजारी नाही. आपल्याच आहे. पोती खाडीत टाका."

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. मीच म्हणते."

दादा आत पडले होते. त्यांना सकाळपासून थंडी वाजत होती. आतून त्यांचा आवाज आला, "पोरगी खरं बोलते, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "उद्या धोंडीबा येतोय. दोन दिवसांत धुऊन होईल. मग सगळं टाकू."

धोंडीबा आणि त्याची बायको हौसाबाई कल्याणहून चालत आली, स्टेशनात काखा तपासतात म्हणून. माळाजवळच्या तळ्याच्या काठाला दोघं बसली. लाकडी परातीत माती घ्यायची, पाण्यात गोल गोल फिरवायची, हलकं ते वाहून जातं, जड ते राहतं. हौसाबाईने चिंध्यांचं पोतं उघडलं आणि नाकाला पदर लावला.

"शेट, ह्यात काय मेलंय?"

"धू तू," आबा म्हणाले.

"मी नाय धूत. पाण्याला बायका येतात इथं."

धोंडीबा हसला. "हिला सोन्याचा वास सोसत नाही," म्हणाला, आणि ते पोतं त्याने स्वतःकडे ओढलं.

दादा तिसऱ्या दिवशी गेले. मी त्यांच्याजवळ होते. गळ्याला गाठ आली होती, श्वास अडत होता. मला एकच दिसत होतं, ते गाल भरून नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न करत होते. फुंक तुटू नये म्हणून. आईचं त्यानंतर काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

माळाच्या टोकावरून परत आल्यावर मी सरळ तळ्याकडे गेले. दोन पोती अजून भरलेली होती. मी एकाला हात घातला आणि ओढायला लागले, खाडीच्या बाजूला. धोंडीबा उठला नाही. तो बसल्या जागी एका बाजूला कलला होता आणि हौसाबाई त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. आबांनी येऊन पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"सोड, शकू."

"दादा गेले, आबा. आता कुणाला देणार आहात जमीन?"

"याच मातीपायी गेला ना तो? ही खाडीत टाकली तर मग कशापायी गेला म्हणू मी?"

मी पोतं सोडलं. आबा खाली बसले, धोंडीबाची परात त्यांनी पुढे घेतली आणि स्वतः धुवायला लागले. हौसाबाईने ती परत मागितली नाही. तिने गणू तांडेलाच्या मदतीने नवऱ्याला झाडाखाली नेलं आणि दुसऱ्या दिवशी ती एकटीच कल्याणच्या वाटेला लागली.

आबांना काही झालं नाही. उंदीर ज्यांनी हातांनी काढले, ज्यांनी त्या पोत्यांवर अंथरूण घातलं, त्यांना ताप म्हणून आला नाही. विमलाबाईंना मी नंतर विचारलं, हे असं का. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

ठाण्याला परतलो तोवर दसरा येऊन ठेपला होता. आरोग्यखात्याने येऊन आमचा रिकामा खड्डा आणखी हातभर खणला होता, माती नेली होती, भिंतींना चुना दिला होता, आणि जाताना खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. कारखान्यात मी आयुष्यात पहिल्यांदा भरभरून ऊन बघितलं. आबांनी पहिलं काम केलं ते खिडक्या लावून घेण्याचं. दुसरं, नवी माती आणून जमीन घातली. कारागीर कुणी परत आला नाही. यंत्राचं नाव कुणी काढलं नाही.

जमिनीतून निघालेल्या सोन्याची लगड झाली होती आवळ्याएवढी. ती देवापुढे वाटीत होती. आई त्या बाजूला जात नसे.

दसऱ्याच्या सकाळी आबांनी मला हाक मारली. मी सवयीने उंबऱ्यावर थांबले.

"आत ये," ते म्हणाले. "माझी फुंक पुरत नाही आता. रघूने तुला शिकवली आहे, मला माहीत आहे. समईचं तेल कुणी संपवलं ते मला तेव्हाच कळलं होतं."

मी आत गेले. दादांच्या पाटावर बसले. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. इतक्या दुःखातही झाला. फुंकणीचं तोंड थंड होतं आणि त्याच्या कडेला दादांच्या दातांची बारीक खूण होती.

आबांनी मूस पुढे ठेवली. तिच्यात ती लगड होती. मग त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि लगडीवर दोन छोट्या वाट्या ठेवल्या. आईच्या मंगळसूत्राच्या. दादांनी लग्नाआधी स्वतःच्या हाताने घडवलेल्या.

"आबा, या कशाला?"

"घरात ठेवून काय करायचं? सोनं ते सोनं. बोरमाळ करू तुझी. लग्नात घालशील. पोतदारांची मुलगी म्हणून लोक बघतील."

"मला नको."

"फुंक."

मी गाल भरले. नाकाने श्वास घेतला. ज्योत लांब, निळी आणि सरळ गेली आणि मुशीवर टेकली. मी ती एकदाही तुटू दिली नाही. वाट्यांच्या कडा आधी मऊ झाल्या, मग त्या खाली बसल्या, मग वाट्या राहिल्या नाहीत. आबांनी मान हलवली. "बापाची फुंक," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते, कारण फुंकताना रडता येत नाही.

दिवसभर मी तिथे बसले. पत्रा ठोकला, अर्धगोल कापले, आबांनी कानशी चालवली. कीस पडत होती, माझ्या पायांवर, परकरावर, नव्या जमिनीवर. पुन्हा पहिल्यापासून.

उजेड कमी झाला तशी मी उठले. आबा लगबगीने पुढे झाले. त्यांनी स्वतःच्या हातांनी घंगाळ दाराशी सरकवलं, पाणी ओतलं आणि बाजूला उभे राहिले. पूर्वी हे काम भिवाचं होतं.

मी घंगाळापाशी आले. पाण्यात आमच्या दोघांची तोंडं दिसत होती. मी परकर उचलला आणि घंगाळ ओलांडून उंबऱ्याबाहेर पाय ठेवला.

"शकू, पाय," आबा म्हणाले.

मी आळीतून चालत राहिले. बाहेर लोक आपट्याची पानं वाटत होते, सोनं घ्या, सोनं घ्या म्हणत. मी धुळीतून गेले, शेणातून गेले, तलावाच्या पायऱ्यांपर्यंत गेले. एकदा मागे बघितलं. आबा दारात वाकून उभे होते आणि माझ्या पावलांच्या जागी जमिनीकडे बघत होते. ते कुंचला घेऊन मागे येतील असं मला वाटलं. ते आले नाहीत.

मी तलावात पाय सोडून बसले आणि बेचक्या नीट चोळून धुतल्या.